नमुन्याबाहेरचं एक घर

"ओ कोल्हापूरवाले! ओ साहेब! मायं घर काहून सोडून राहिले?"

आवाज असा की चार कोसांवरच्या दर्यापूर स्टँडात एखाद्या कंडक्टरनं दचकून डबल बेल दिली असेल. गल्लीतल्या दोन शेळ्या, एक मोटारसायकल, माझ्या सहकारी प्रणालीताई आणि मी, सगळे जागच्या जागी थांबलो. नाल्यापलीकडच्या ओट्यावर एक म्हातारी उभी होती. एक हात कमरेवर, दुसरा माझ्यावर रोखलेला.

"बारा वर्सं झाले वाट पाहून राहिली मी! तुमीच सांगतलं होतं ना, गयाबाई, परत येतो म्हून? आता आले, तं नाल्याच्या तिकडच्या तिकडंच फिरून राहिले!"

पहिल्या झटक्यात मी तिला ओळखलं नाही. माझ्या गप्पांना पंचगंगेच्या पुरासारखी सवय आहे, काठ सोडायची. पण हे मात्र जसं घडलं तसं सांगतो. नाव ऐकलं आणि मी नकळत प्रणालीताईंच्या मागे सरकलो. कारण बारा वर्षांपूर्वी, याच ओट्यावर, मी या बाईला माझ्या आयुष्यातली एक अत्यंत सुबक थाप मारली होती.

पहिली खेप

आधी मी इथे कसा, ते सांगतो. आमचं काम घरखर्चाच्या पाहणीचं. माणसं काय खातात, काय नेसतात, चुलीत काय जाळतात, हे घरोघर विचारायचं. सगळ्या घरांना विचारायला गेलो तर ब्रह्मदेवाचं आयुष्य पुरायचं नाही, म्हणून थोडीच घरं निवडतात. त्याला नमुना म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा. मी निवृत्त होऊन घरी पांढरा रस्सा ओरपत बसलो होतो, तेवढ्यात फोन आला: वऱ्हाडात नवी पाहणी आहे, अनुभवी माणूस पाहिजे, येता का? माझ्या अंगात लगेच हत्ती संचारला. अकोल्याला उतरलो तो स्टेशनवरच्या हमालांना वाटलं, मंत्री आला. (बॅगा मीच उचलल्या, ही गोष्ट वेगळी.)

बारा वर्षांपूर्वी मी हीच गावं केली होती. तेव्हाची रीत साधी. गावातल्या घरांची यादी करायची, ठरावीक अंतरानं एकेक घर उचलायचं, आणि एकाच बैठकीत प्रश्नांची सगळी चळत संपवायची. तांदळापासून सुरुवात व्हायची. चपलेपर्यंत पोचेस्तोवर बाई कंटाळून म्हणायची, "लिहा जी तुमच्या मनानं." आणि आम्ही लिहायचो.

आता सगळं बदललंय. गावाचे दोन भाग करतात, त्यातला एक भाग आमच्या हातातला टॅब चिठ्ठी टाकल्यासारखा निवडतो. मग शेती किंवा चारचाकी असलेली घरं एका गटात, बाकीची दुसऱ्या, आणि दोन्ही गटांतून घरं घ्यायचीच. शिवाय एका बैठकीऐवजी तीन खेपा: एकदा खाणंपिणं, एकदा साबण-तेल-औषधं, एकदा भांडीकुंडी-कपडेलत्ते. टॅबनं नाल्याच्या अलीकडचा भाग निवडला. गयाबाईचं घर पलीकडे.

ओट्यावर जाऊन मी "जय भीम" घातला. तिनं घेतला, पण अर्धाच. तिनं पाटावर बसवलं आणि चहा टाकला. हा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी इतकं खारट की पहिल्या खेपेला इथला चहा प्यायलो तेव्हा मला वाटलं, अरबी समुद्र कुणाला न सांगता अमरावती जिल्ह्यापर्यंत आलाय. आता लोक कॅनचं पाणी घेतात. गयाबाईनं कॅनमधलं पाणी मोजून दोन कप काढलं. स्वतःच्या चहासाठी तिनं हंड्यातलंच घेतलं.

आता ती थाप सांगतो. तेव्हा गयाबाई कपाशीच्या वेचणीला निघाली होती आणि प्रश्नांसाठी दिवस मोडायला तयार नव्हती. घर आठ माणसांचं, असं भरलेलं घर मला सोडवत नव्हतं. मी म्हणालो, "गयाबाई, तुमच्या घराची दिल्लीत फाईल उघडली आहे. आज पहिलं पान. बारा वर्षांनी मी परत येईन आणि दुसरं पान लिहीन. मग मोठे साहेब दोन्ही पानं शेजारी ठेवून बघतील, गयाबाईच्या घरात काय बदललं." बाई पदर खोचून खाली बसली. वेचणी बुडवली. पण अर्ध्याअधिक उत्तरं दिली तिच्या धाकट्यानं. मिलिंद, चौदा वर्षांचा, डोळ्यांत नुसतं गणित.

"साबण चार नाई, साडेतीन लिहा. अर्धा बाबानं नदीवर हारवला." मग माझ्या कागदात डोकावून, "काका, तुमची बेरीज चुकली. अन् अंडे मोजून राहिले तं कोंबडी शेजारच्याची हाय, हे बी लिहा."

मी एवढा हसलो होतो की छपराची दोन कौलं सरकली.

"आठ लिहिले होते तुमी," गयाबाई आता म्हणाली. "एक उरली. मालक गेले. मोठा चाकणले कंपनीत गेला, बायकोलेकरं घेऊन. पोरगी सुषमा नागपूरले नांदते. अन् मिलिंद बारावीले होता. कावीळ झाली. अमरावतीले नेला. सातव्या दिवशी आनला."

मी कप खाली ठेवला.

"तुमच्या त्या फाईलीत तो अजून हाय ना, साहेब? चौदा वर्साचा? त्याच्या नावानं तिथं अजून भाकर चालू असन. माणूस गेला का नाव उतरवा लागते. रेशनातून मी उतरवलं, शाळेतून उतरवलं. तुमची फाईल तेवढी राहिली. म्हून वाट पाहून राहिली होती. त्याले उतरवा तिथून."

बोलघेवडा म्हणून मी तीन जिल्ह्यांत कुप्रसिद्ध. तिथे मला एकच शब्द सुचला. "बघतो," मी म्हणालो.

अकोला

मुक्काम अकोल्याला. खोलीच्या खिडकीतून समोरच्या गाडीवरचे आलूबोंडे दिसायचे. आमच्याकडे वडा पावात घालतात; इथे आलूबोंड्यावर तर्रीचा रस्सा ओततात. तीन बोंडे खाल्ल्यावर माझ्या कानांतून वाफ निघून गल्लीतली दोन पोरं त्यावर हात शेकत होती.

समोर प्रणालीताई बसलेल्या. अमरावतीच्या, वय पस्तिशीचं, पाहणीच्या कामात दहा वर्षं काढलेली बाई. माझ्या गोष्टींना हसायच्या, पण विश्वास एकीवरही ठेवायच्या नाहीत.

मी खडा टाकून पाहिला. "ताई, अलीकडच्या भागातल्या त्या निळ्या दाराच्या घराला कुलूप आहे. त्याच्या जागी गयाबाईंचं घेऊ. पूर्वी आम्ही घ्यायचोच."

"पूर्वी कसं घ्यायचे, सर?"

"धूर बघून."

त्यांना कळलं नाही. मग मला आमच्या पिढीचं गुपित फोडावं लागलं. यादीतल्या घराला कुलूप असलं की आम्ही मान वर करायचो. ज्या छपरातून धूर, त्या घरात माणूस. माणूस म्हणजे उत्तर, उत्तराबरोबर चहा. कुलूपवाल्याच्या जागी धूरवाला. कागदावर नंबर तोच. अख्खी तुकडी असंच करायची, कुणाला त्यात पाप वाटत नव्हतं.

प्रणालीताईंनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे गयाबाईंचं घर मागच्या वेळीसुद्धा निवडलेलं नव्हतं?"

"नव्हतं. निवडलेलं घर शेजारचं. माणसं वीटभट्टीवर गेलेली. गयाबाईंच्या घरातून धूर येत होता."

"भट्टीवर गेलेली माणसं मग कुठं मोजली?"

"कुठंच नाही."

त्यांनी बशी बाजूला सारली. "सर, टॅब उपग्रहावरून जागा पकडतो, म्हणून बदली करता येत नाही. पण पकडत नसता तरी मी करू दिली नसती. तुमच्या जुन्या आकड्यांत घरी असलेली माणसं आहेत. आताच्यात कुलूप म्हणजे कुलूप. शिवाय तीन खेपांत बायांना जास्त आठवते, म्हणून खर्च जास्त निघते. गाडीवाली घरं हमखास येऊन राहिली, त्यानं अजून निघते. नवी रीत जुनीपेक्षा चांगलीच आहे. पण जुन्या आकड्याच्या शेजारी नवा ठेवून 'वाढ झाली' म्हणता नाही येत."

मला हे माझ्या भाषेत सांगायचं तर असं: पूर्वी माणसाला उपाशीपोटी लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर तोललं, आता जेवण घालून, बूट चढवून, दवाखान्याच्या काट्यावर. काटा नवा, चोख. आणि बातमी अशी की माणूस धष्टपुष्ट झाला.

पातूर

रविवारी पातूरची लेणी बघायला गेलो. डोंगरात कोरलेली, जुनी, थंडगार. आत बसलो तर आठवडाभराचं ऊन पाठीतून उतरतं. मी वाटेतल्या एका माकडाशी केळ्यावरून वाद घातला आणि हरलो, एवढाच त्या दिवशीचा पराक्रम.

उतरल्यावर स्टँडवर चहा घेतला. चहावाला खुशीत. "यंदा लोक लय चहा पिऊन राहिले, काका. मांगच्या साली एक भांडं संपत नोतं, आता चार भांडे!"

"मागच्या साली गाडी कुठं होती?"

"वर, लेण्याकडं. आता इथं स्टँडवर आनली."

मी त्याच्याकडे पाहिलं, तो माझ्याकडे पाहून हसला. एरवी हा किस्सा मी कोल्हापुरात वर्षभर चालवला असता. त्या दिवशी चहा अर्धा टाकून उठलो. मला भट्टीवर गेलेलं ते शेजारचं घर आठवत होतं, आणि त्याच्या जागी हसत उत्तरं देणारा एक पोरगा.

दुसरी खेप

महिन्याभरानं परत गेलो. तुरी उचलल्या होत्या, काळी रानं भेगाळायला लागली होती. अलीकडच्या भागातली घरं प्रणालीताईंनी सांभाळली. मी टॅब त्यांच्याकडे दिला आणि एक साधी वही घेऊन नाला ओलांडला.

हे नियमात बसत नाही. हे कशातच बसत नाही. पण मी गयाबाईपुढे पाटावर बसलो आणि अख्खी चळत विचारली. ज्वारीपासून चपलेपर्यंत. तिनं एकदाही "लिहा तुमच्या मनानं" म्हटलं नाही. बारा वर्षं तयारी केलेल्या परीक्षेला बसावं तशी बसली होती.

"महिन्यात तेल?"

"पाव किलोच्या दोन पुड्या. एक अजून हाय, अर्धी."

"दूध?"

"चहापुरतं. तुमी आले तं जास्त."

"अंडी?"

"नाई." मग जरा थांबून, "तो खाये. मी नाई आनत."

"गॅस?"

"हाय. पन एका जीवासाठी पेटवा वाटत नाई. सकाळीच करून ठेवतो दोन्ही टायमाचं."

मला कळलं की आता या छपरातून धूरही येत नाही. धूर बघत फिरणाऱ्या माझ्यासारख्याला हे घर रिकामंच वाटलं असतं.

जेवायला तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा आणि बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला. आमच्याकडे पाहुण्याला "सावकाश जेवा" म्हणतात. वऱ्हाडात ताटात भाकर टाकून वर दटावतात. "काय चिमनीवानी टोचून राहिले? खा!" मी पाच भाकरी खाल्ल्या. या आकड्यात अतिशयोक्ती नाही, गयाबाईला विचारा. तिनं अर्धी खाल्ली. बाकी वेळ ती मला जेवताना बघत होती.

निघताना म्हणाली, "झालं ना आता दुसरं पान? मिलिंदचं लिहिलं ना?"

"लिहिलं," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. वहीत लिहिलंच होतं.

नाला ओलांडून आलो तर प्रणालीताई वाट बघत होत्या. त्यांनी वहीकडे पाहिलं. "सर, मागच्या वेळी तुम्ही थाप मारली ती निदान कामासाठी होती," त्या म्हणाल्या. "ही कशासाठी?"

काळीपिवळीत, म्हणजे आमच्याकडच्या वडापात, चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि मी. मूर्तिजापूरपर्यंत मी वही मांडीखाली दाबून, अंग चोरून बसलो. ड्रायव्हरनं दोनदा मागे वळून पाहिलं, मी उतरलो तर नाही ना म्हणून.

अमरावती

दोन खेपांचे कच्चे आकडे बघायला अमरावतीला बैठक होती. आधी गिला वडा खाल्ला, दह्यात बुडालेला. तो पोटात असता मनुष्य कुणाशीही भांडू शकत नाही, असा माझा समज होता. तो खोटा निघाला.

भिंतीवर चित्र लावलं. एक बुटका खांब, जुना. शेजारी उंच खांब, नवा. मधे वर जाणारा बाण. मुख्य साहेब तरुण होते, सभ्य, आवाज मऊ. म्हणाले, "खेड्यातलं घर आता जास्त खर्च करतंय. आणि कुटुंबंही लहान, सुटसुटीत झालीत. चांगलं चित्र आहे."

मी टेबलावर असा हात मारला की बडनेऱ्याला उभ्या गाडीची चेन ओढली गेली असेल. "सुटसुटीत? साहेब, घर सुटसुटीत कसं होतं माहीत आहे? एक चाकणला जातो, एक नागपूरला, दोघं मसणात!"

मी पुढे काहीतरी खांबाबद्दल, धुराबद्दल, भट्टीबद्दल बोलत सुटलो. कुणाला काही कळलं असेल असं वाटत नाही. मग प्रणालीताई उठल्या आणि चार वाक्यांत सगळं मांडलं: नमुना काढायची रीत बदलली, विचारायची रीत बदलली, म्हणून हे दोन खांब शेजारी उभे करता येत नाहीत, करायचेच तर थोडी घरं जुन्या रीतीनंही विचारून फरक मोजावा लागेल.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. "बरोबर आहे तुमचं, ताई. तळटीप टाकू."

"तळटीप कोण वाचते, सर?"

"कोणी नाही," ते म्हणाले. माणूस प्रामाणिक होता. "लोक खांब बघतात."

तळटीप टाकली गेली. अक्षर एवढं बारीक की मुंगीला वाचायचं तर तिनं आधी चष्मा करून घ्यावा. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. प्रणालीताई शेजारी येऊन बसल्या, म्हणाल्या, "तुम्ही आज पहिल्यांदा काही न वाढवता बोलले, सर. म्हणून कोणाले समजलं नाही."

मग उठता उठता, "तिसऱ्या खेपेला त्यांना खरं सांगून टाका. नाहीतर मी सांगीन."

तिसरी खेप

एप्रिल उजाडला होता. वऱ्हाडातल्या उन्हाबद्दल मी परतल्यावर ज्या बाता मारल्या त्या इथे लिहीत नाही. त्यातल्या निम्म्या खऱ्या आहेत. गयाबाईनं ओट्यावर पोतं टाकून सावली केली होती. शेजारी दुसरा पाट मांडला होता, प्रणालीताईंसाठी.

मी वही उघडली नाही.

"गयाबाई, फाईल नव्हती."

"कोन्ती फाईल?"

"दिल्लीतली. तुमच्या घराची. ते मी रचलं होतं, तुम्ही बसावं म्हणून. आम्ही एकाच घराकडं परत येत नाही. दर वेळी नवी घरं निघतात. या वेळी तुमचं निघालं नाही. निघेल असंही नव्हतं."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. मला राग चालला असता.

"मंग मांगं आमी सांगतलं ते?"

"ते गेलं. खरंच गेलं. पण नावानं नाही. तुमचं घर, गावातली दुसरी घरं, जिल्ह्यातली, राज्यातली, सगळी मिळून एक बेरीज झाली."

"अन् आता हे नवीन आकडे त्याच्या शेजारी ठेवतीन?"

"ठेवले."

"मंग आमचे आठ कुठी गेले म्हून कोन इचारन?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "त्यांच्या जागी दुसरी माणसं आहेत. नाल्याच्या अलीकडची."

प्रणालीताईंनी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो ठेवू दिला. समोरच्या लिंबावर एक कावळा चोच उघडून धापा टाकत होता.

"मिलिंद?" तिनं विचारलं.

"तो कुठल्या पानावर नाही. बेरजेत आहे. चौदा वर्षांचा, एक. दळण झाल्यावर त्यातला एक दाणा जसा निवडून काढता येत नाही ना, तसं. त्याला उतरवता येत नाही, गयाबाई. मी नाही, दिल्ली नाही, कोणीच नाही."

"म्हंजे तो तिथंच हाय."

"हो."

"चौदा वर्साचा."

"हो."

तिनं पदरानं पाट पुसला, जिथे काहीही सांडलं नव्हतं.

"मंग राहू द्या," ती म्हणाली.